पाठीवरची वेळ

कंडक्टरबाईंचं आणि माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं, आणि त्यात चूक त्यांची होती असं मी आजही म्हणते. सकाळी आठला आत गेलेली मी संध्याकाळी साडेपाचला बाहेर आले होते. पायांत त्राण नाही, चष्म्याच्या आत घामाचं तळं, घसा कोरडा ठक्क. आणि दारात ही बाई कमरेवर हात ठेवून उभी. म्हणते कशी, “गर्दी करू नका. एकेक जण उतरा. आधी हातमोजे.”

उतरा म्हणे. मी काय हिच्या गाडीत बसले होते?

तर बाई खरंच कंडक्टर निघाल्या. एकोणतीस वर्षं बसवर काढलेल्या. साथ आली, गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, आणि वाहतूक खात्यातल्या माणसांना जिथे हात कमी पडतील तिथे पाठवायला सुरुवात झाली. कुणी धान्य वाटायला गेलं, कुणी नाक्यावर उभं राहिलं. ह्यांच्या वाट्याला आमचं तात्पुरतं हॉस्पिटल आलं, आणि त्यातलंही असं काम, जे दुसऱ्या कुणालाच नको होतं. आतून बाहेर येणारा प्रत्येक जण अंगावरचं किट ठरलेल्या क्रमाने उतरवतोय की नाही, ते आरशाशेजारी उभं राहून बघायचं. एक पायरी चुकली तर आजार घरी. त्यामुळे त्या एकेक पायरी मोठ्याने सांगायच्या, आणि आवाज असा की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूसही उठून तिकीट काढेल.

हॉस्पिटल म्हणजे तरी काय, प्रदर्शनाचा हॉल. एरवी तिथे सोफासेट, कपाटं आणि स्वयंपाकघरातल्या फरश्या मांडलेल्या असायच्या. नऊ दिवसांत दोनशे खाटा लागल्या, प्रत्येक खाटेपाशी ऑक्सिजन आला, पंखे आले, प्लायवुडच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्याने नकाशा काढला त्याने पेशंटसाठी काही म्हणजे काही कमी ठेवलं नव्हतं. फक्त ह्या दोनशे माणसांना बघायला माणसंच येणार आहेत, एवढं तो विसरला. आम्हाला बसायला खुर्ची नाही. पिशवी अडकवायला खिळा नाही. बाहेरच्या बाजूला पाण्याचं एक पिंप आणि बायकांसाठी एक संडास, त्याचीही कडी तुटलेली. आणि आत घड्याळ नाही. अशा हॉलमध्ये घड्याळ लावतच नाहीत म्हणे. लोकांना वेळेची आठवण झाली की ते सोफा न घेताच घरी जातात. मी तक्रार केली तर नकाशावाला म्हणाला, “पुढच्या वेळी लक्षात ठेवू.” पुढच्या वेळी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घड्याळ नसण्यात एवढं काय, असं वाटेल. पण किटात शिरलं की मनगटावर घड्याळ नसायचं, फोन आत न्यायचा नसायचा. हॉलला खिडक्या नाहीत, ट्यूबलाइट चोवीस तास. किती वाजले ते फक्त जेवणाच्या डब्यांवरून कळायचं. एकदा आत गेलं की पाणी नाही, संडास नाही, नाक खाजवणं नाही. ड्युटी सहा तासांची, पण आतल्याला वेळ कळत नव्हती आणि बाहेरच्याला आत कोण कधीपासून आहे ते माहीत नव्हतं. बदलीची माणसं आरामात चहा पिऊन यायची, मग किट शोधायची, मग घालायची. सहाचे आठ व्हायचे आणि आठचे साडेनऊ.

आणि मला सहाच परवडत होते. घरी माझा सात महिन्यांचा मुलगा होता. आम्ही त्याला गुंड्या म्हणतो. तो अजून अंगावर पीत होता. पंधरा दिवस ड्युटी आणि नंतर पाच दिवस एका खोलीत एकटीने राहणं, असे वीस दिवस मी त्याच्यापासून लांब असणार होते. हात मीच वर केला होता. आमच्यातल्या चौघी नर्स आधीच आजारी पडल्या होत्या, आणि उरलेल्यांचे चेहरे बघून माझा हात आपोआप वर गेला. घरी बसून मी सगळा हिशेब केला होता. आत जायच्या आधी दूध काढायचं, बाहेर आल्या आल्या काढायचं, मग दिवसभर दर तीन-चार तासांनी. सहा तासांची एक ओढ सोसेल, जास्तीची नाही. वीस दिवस दूध टिकवायचं आणि घरी जाऊन त्याला पाजायचं, एवढी एकच गोष्ट मला जगात हवी होती. सासूबाई निघताना म्हणाल्या होत्या, “आता बाटलीची सवय लागली की विसरेल तो.” त्या वाईट नाहीत. पण ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की निघेना.

आणि पहिल्याच दिवशी साडेनऊ तास.

किट उतरलं. आतल्या कपड्यांचा पुढचा भाग कमरेपर्यंत भिजलेला. रांगेतल्या सगळ्यांचेच कपडे भिजलेले होते, त्यामुळे कुणी बघितलं नाही. कंडक्टरबाईंनी बघितलं. त्यांनी आरसा हळूच दुसरीकडे वळवला आणि विचारलं, “किती महिन्यांचं आहे?”

“काय?”

“घाम असा दोनच ठिकाणांहून येत नसतो, पोरी.”

मी भडकले. “तुमचं काम मला हातमोजे काढायला सांगण्याचं आहे.”

“ते सांगून झालं. आता किती महिन्यांचं ते विचारतेय.”

“सात.”

“आणि काढतेस कुठे?”

मी नजर चुकवून चपला शोधायला लागले. कारण कडी तुटलेल्या त्या संडासात, एक पाय दाराला लावून, हे सांगायची मला लाज वाटत होती. माझ्याकडे बघून त्यांना ते कळलं असावं. त्यांनी पुढच्याला हाक मारली, “चला, पुढे सरका,” आणि मी तणतणत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हॉलच्या तोंडाशी नेलं. तिथे प्रदर्शनाची जुनी तिकीटखिडकी होती. म्हणजे आदल्या दिवशी मी तिच्यावरूनच आत गेले होते, पण ती मला दिसली नव्हती. “आयुष्यभर तिकीटच बघितलंय,” बाई म्हणाल्या, “माझं लक्ष दुसरीकडे कुठे जाणार?” चावी पहारेकऱ्याकडे होती आणि तो मोठ्या डॉक्टरांची सही मागत होता. बाईंनी त्याला सांगितलं, आत उंदीर मेलाय, वास पेशंटपर्यंत जायला लागलाय, तूच उघडून काढ. पहारेकऱ्याने चावी त्यांच्या हातात ठेवली आणि दोन दिवस तिकडे फिरकला नाही. बाईंनी आतून सोफ्यांच्या जाहिरातींची तीन पोती बाहेर काढली. खाली एक स्टूल निघालं, एक चालू पंखा, एक बेसिन, आणि दाराला आतून धडधाकट कडी. शटरवर पाटी होती, ‘खिडकी बंद आहे’. ती त्यांनी तशीच राहू दिली.

एवढी छान जागा मला पुढे कुठे मिळाली नाही. पंखा माझ्या तोंडावर, बाहेर बाई पहाऱ्याला. दूध मी बेसिनमध्ये ओतून द्यायची. दुधातून आजार जातो का, ते तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं, आणि घर दीड तासावर. पहिल्यांदा ओतताना रडले. चौथ्या वेळी रडायलाही वेळ नव्हता.

पण जागा मिळून काय उपयोग, माणूस वेळेवर बाहेर तर आला पाहिजे. बाईंनी ते पण हातात घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. किट घालायची खोली त्यांच्या अखत्यारीत नव्हतीच. तरी त्या तिथे घुसल्या आणि ढिगारे लावले: उंच, मध्यम, बुटकी. तोपर्यंत जे हाताला लागेल ते घालावं लागायचं. माझं किट असं असायचं की त्याचं बूड माझ्या गुडघ्यात यायचं, आणि मी चिकटपट्ट्या बांधून पार्सलसारखी आत जायची. मग बाईंनी मार्कर घेतला. आम्ही एकमेकांना ओळखावं म्हणून पाठीवर नाव लिहायचोच. बाई नावाखाली वेळ घालायला लागल्या. ‘बाहेर २.००’. आणि पावणेदोनला दुपारची माणसं किटात कोंबून दारात तयार.

“ज्याला चहा प्यायचाय त्याने एकला प्या,” त्या सांगायच्या. “गाडी सुटल्यावर चहा नाही.”

एक तरुण डॉक्टर म्हणाला, “बाई, हे हॉस्पिटल आहे, बस नाही.”

“म्हणूनच. बस उशिरा आली तर लोक नुसते शिव्या देतात.”

आता ह्यात एक मोठी गंमत होती, आणि ती आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. वेळ लिहिलेली पाठीवर. स्वतःची पाठ कुणाला दिसते? आणि दुसऱ्याची दिसली तरी वाजले किती ते कुणाला माहीत? दोन दिवस आम्ही पाठीवर वेळ मिरवत आनंदाने उशिरा बाहेर येत होतो.

तिसऱ्या दिवशी एकसष्ट नंबरच्या आजींनी मला थांबवलं. आजी पालथ्या झोपवलेल्या, नाकावर ऑक्सिजनचा मास्क, आणि उशीशी नातवाने दिलेला फोन. पेशंटांना फोन जवळ ठेवायची परवानगी होती. आजी मास्कच्या आतून म्हणाल्या, “सिस्टर, तुमच्या पाठीवर दोन लिहिलंय. आणि दोनला पाच कमी आहेत.”

झालं. एवढं बोलल्या आणि हॉलचं नशीब फिरलं. दोनशे माणसं दिवसभर पडून. छताकडे बघायचं नाहीतर शेजाऱ्याच्या खोकल्याकडे लक्ष द्यायचं, ह्यापलीकडे काम नाही. त्यांना काम मिळालं. आम्ही पाठ वळवली की वाचलीच म्हणून समजा. दोन दिवसांत साठ नंबरपासून ऐंशीपर्यंत सगळे तयार झाले, चार दिवसांत अख्खा हॉल. तरुण डॉक्टर फाइलमध्ये डोकं घालून बसला की चारी बाजूंनी, “डॉक्टर, पेन ठेवा.” सफाईच्या मावशी जरा रेंगाळल्या की, “मावशी, एक चाळीस झाले, आवरा.” कुणाला दम लागतो म्हणून मी ओरडायला बंदी केली, तर त्यांनी खाटेच्या दांड्यावर चमचे वाजवायला सुरुवात केली. दोन वाजता असा खणखणाट व्हायचा की मेलेला उठावा. आणि आमच्याकडे तशी माणसं थोडी नव्हती, म्हणून मी हे फार मोठ्याने म्हणत नाही. आम्ही अपेशाचे दिवसही बघितले. पण दोन वाजता मात्र सगळा हॉल दात काढायचा. एका गृहस्थांना सकाळी घरी सोडलं तर म्हणाले, “दोनपर्यंत थांबू का? तुम्हाला पोचवून जातो.”

माझ्या बाबतीत तर फारच कडक. बाकीच्यांना दोन-पाच मिनिटांची सवलत मिळायची, मला अर्ध्या मिनिटाची नाही. एक पन्नासपासूनच सुरू. “सिस्टर, ती सुई दुसऱ्यांना लावू द्या.” “सिस्टर, तुम्ही दाराकडे चालायला लागा, आम्ही बघतो.” मला वाटलं, मी लाडकी आहे. मी नवऱ्याला फोनवर फुशारकीही मारली. तो गुंड्याला फोनसमोर धरून बसला होता आणि गुंड्या फोन चाटत होता. सासूबाई मागून म्हणाल्या, “बाटली छान पितोय हं आता.” मी म्हटलं, “बरं झालं,” आणि फोन ठेवून तिकीटखिडकीत जाऊन बसले. दूध होतं. वेळेवर बाहेर येत होते तोवर ते राहणार होतं. आणि मी वेळेवर बाहेर येत होते ते ह्या बाईच्या मार्करमुळे. तेवढा एकच दोर होता माझ्या हातात.

नवव्या दिवशी पाहणी समिती आली.

चार माणसं. त्यांतले मोठे साहेब अंगाने भरलेले, आवाज भारी. मोठ्या डॉक्टरांनी सकाळपासून आमच्या डोक्यावर मिरे वाटले होते: हे झाका, ते पुसा, उगाच हसू नका. त्या गडबडीत पाहुण्यांना किट घालताना कंडक्टरबाई तिथे होत्या, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पाहुणे सव्वा वाजता आत आले. मोठे साहेब पुढे, आणि त्यांच्या रुंद पाठीवर ठळक अक्षरांत: ‘पाहुणा. बाहेर १.४५’.

मला चष्म्यातून ते वाचायला पाच पावलं लागली. मग मी जीभ चावली आणि हसू दाबून धरलं. किटात हसलं की चष्मा आणखी धुकटतो.

साहेबांना ऑक्सिजनच्या नळ्यांबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगायला मोठ्या डॉक्टरांनी मलाच पुढे केलं. मी सांगत होते. साहेब पुन्हा विचारत होते. एवढ्यात एकसष्टमधून आवाज आला, “पाहुणे, तुमची वेळ झाली.”

साहेबांनी मला हळूच विचारलं, “ह्या आजींना भ्रम होतोय का?”

“नाही सर. बऱ्या होतायत.”

“पावणेदोन,” अठ्ठावन्न नंबरचा न्हावी म्हणाला. “पाहुणे, गाडी सुटेल.”

मग बासष्ट, मग सत्तर. साहेब जिद्दी. ते जागचे हलले नाहीत. मोठ्या डॉक्टरांचे फक्त डोळे दिसत होते आणि ते डोळे बघण्यासारखे होते. साहेबांनी मला आणखी पंधरा मिनिटं धरून ठेवलं, पाइप कुठून येतो, कुठे जातो. आणि मग दोन वाजले.

आधी एक चमचा. मग वीस. मग सगळा हॉल. साहेब दचकून म्हणाले, “काय चाललंय हे?”

आजींनी मास्क बाजूला केला. मी ओरडले तरी केला. आणि त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “साहेब, तिला सोडा. तिचं बाळ अंगावर पितं. उशीर झाला तर दूध आटेल तिचं.”

दोनशे पेशंट, चार पाहुणे, मोठे डॉक्टर. मला वाटलं, खालच्या फरशीने आत्ताच्या आत्ता मला पोटात घ्यावं. पुरुषांच्या बाजूनेही, “सोडा, सोडा,” सुरू झालं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी लाडकी-बिडकी काही नव्हते. मी मान खाली घालून अख्ख्या हॉलची लांबी चालत गेले, चमच्यांच्या तालावर.

दारात पोचले आणि कंडक्टरबाईंवर तुटून पडले. “तुम्ही सगळ्यांना सांगितलंत?”

“एकालाच. डबे आत नेणाऱ्या मावशींना.” बाई शांतच. “गाडीत पुढच्या सीटवर एकाला सांगितलं की मागच्या सीटपर्यंत आपोआप पोचतं. मुद्दामच सांगितलं. आधी हातमोजे काढ.”

“माझी लाज काढलीत.”

“लाज परत येते. दुसरा हातमोजा.”

मी आणखी बोलणार होते, खूप साठलं होतं. तेवढ्यात मोठे डॉक्टर मागून आले आणि दात आवळून म्हणाले, “बाई, उद्यापासून तुम्ही डेपोत परत. आजच कागद काढतो.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. अजून सहा ड्युट्या बाकी होत्या. ही बाई गेली की मार्कर जाणार, ढिगारे जाणार, परत साडेनऊ तास, आणि मग मी घरी जाणार ती कोरडी. बाई मात्र मोठ्या डॉक्टरांना “बरं साहेब,” म्हणाल्या आणि मोठ्या साहेबांकडे वळल्या. “या. आधी हातमोजे.”

साहेब पाऊण तास किटात होते. चेहरा टोमॅटो. “बसायला काही आहे का?”

“नाही.”

“का?”

“नकाशात नाही.”

“पाणी?”

“आहे. पण सगळं उतरवून, हात धुऊन, मग. तुमच्या अजून सात पायऱ्या आहेत. गाऊन आतल्या बाजूने गुंडाळा. आरशात बघा, माझ्याकडे नको.”

साहेब खालच्या आवाजात म्हणाले, “मला जरा लघवीला जायचंय.”

“तेही सात पायऱ्यांनंतर. ही पोरगी सहा तास थांबलीय साहेब, तुम्हाला सात मिनिटं जमतील.”

त्यांना जमली. कसं ते विचारू नका. शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनी एका पायावर उभं राहून केल्या. मी खरं तर खिडकीकडे पळायला हवं होतं, पण मी तिथेच उभी राहून बघितलं. परत आल्यावर साहेबांनी उभ्यानेच तीन पेले पाणी प्यायलं आणि विचारलं, “सहा तास असतात ह्या आत?”

“आता सहा,” बाई म्हणाल्या. “ह्या पोरीने पहिल्या दिवशी साडेनऊ काढले.”

साहेबांनी चौथा पेला भरला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी आठची ड्युटी असून साडेसहाला दारात हजर. बाई होत्या. मार्करचं टोपण दातात धरून कुणाच्या तरी पाठीवर लिहीत होत्या. “कागद आला नाही अजून,” त्या म्हणाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मी रोज आधी त्यांना बघायची आणि मगच माझ्या जिवात जीव यायचा. तिसऱ्या दिवशी कागद आला. मोठ्या डॉक्टरांनी तो स्वतः वाचून दाखवला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. चाळीस खुर्च्या. बायकांसाठी आणखी दोन संडास, कड्यांसकट. पाण्याची दोन नवी पिंपं. चार घड्याळं. आणि दारावरची सध्याची व्यवस्था बदलू नये.

खुर्च्या दुपारीच आल्या. आम्ही वेड्यासारख्या झालो. सफाईच्या मावशींनी तर आत किटात असतानाच बसून बघितलं आणि किट मागून टर्रकन फाटलं. त्यांना तशीच पाठ भिंतीला लावून सरकत सरकत दारापर्यंत न्यावं लागलं. मी बाहेर येऊन पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा दहा मिनिटं नुसती हसत होते. शेजारी मोठे डॉक्टर येऊन बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, “बरं वाटतं, नाही?” घड्याळं पण लागली, चार भिंतींवर चार वेगवेगळ्या वेळा दाखवणारी. आजींनी जाहीर केलं की घड्याळं धरायची नाहीत, फोनच खरा. त्या घरी गेल्या तेव्हा जबाबदारी रीतसर अठ्ठावन्नच्या न्हाव्याकडे सोपवून गेल्या.

पंधराच्या पंधरा ड्युट्या झाल्या. आजींनी टोकल्यापासून एकही सहा तासांच्या फार वर गेली नाही. मग पाच दिवस खोलीत एकटी. दूध कमी झालं होतं, पण होतं. तपासणी झाली, मी मोकळी झाले, आणि एका दुपारी घराच्या दारात उभी राहिले.

गुंड्याने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि गळा काढून सासूबाईंच्या खांद्यात तोंड खुपसलं.

मी आंघोळ करून आले. सासूबाईंनी नवऱ्याला खोलीबाहेर काढलं, गुंड्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या बाहेर का गेल्या नाहीत ते मला तेव्हा कळलं नाही. गुंड्याने तोंड फिरवलं. मी परत जवळ घेतलं, त्याने परत फिरवलं. तिसऱ्यांदा त्याने मूठ मारली. मी थांबले. म्हटलं, आता जबरदस्ती नाही. नुसती धरून बसले. मला रडू यायला लागलं होतं. मग त्याचं नाक हळूच माझ्या अंगाला लागलं. वास घेतला असावा त्याने. तोंड उघडलं, धरलं, आणि असा कडकडून चावला की मी किंचाळले.

खाली दोन दात. तांदळाच्या दाण्यासारखे. मी नसताना आलेले.

“कुणी सांगितलं का नाही मला?”

“तू तिकडे रडत बसली असतीस,” सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, आणि त्यांचा स्वतःचाच आवाज फुटला. “पितोय का गं?”

पीत होता. मी हसत होते आणि रडत होते आणि त्यामुळे हलत होते, आणि हलण्याचा राग येऊन त्याने दोन्ही मुठींनी मला घट्ट धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कंडक्टरबाईंना फोन लावला. “प्यायला,” मी म्हटलं. “चावला पण. दोन दात आलेत.”

त्या एवढ्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग एकदम हसणं थांबलं.

“माझा नव्हता प्यायला,” त्या म्हणाल्या. “तो पाच महिन्यांचा होता. लांबच्या गाडीवर लावलं होतं मला, रोज उशीर. मी मागच्या सीटवर बसून काढायची, ड्रायव्हर पाठ करून उभा राहायचा बिचारा. नाही टिकलं. घरी गेले तर पोराने तोंड फिरवलं. ते फिरवलंच.”

मी नुसतं “बाई” म्हटलं.

“चल, ठेव,” त्या म्हणाल्या. “दोनला दहा कमी आहेत, आतल्यांना बाहेर काढायचंय.”